दुपट्ट्याखालचा हात

ओकुडानं करंगळीच्या मुळाशी नखानं दोनदा दाबलं आणि हात काढून घेतला.

झालं ते एवढंच. तेही भर सकाळी, अकोल्याच्या कापूस बाजारात, गाड्यांच्या रांगेत, चारचौघांच्या देखत; पण चारचौघांना काही दिसलं नाही, कारण दोन्ही हातांवर महादेवराव दलालाचा दुपट्टा होता. या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. हातांवर दुपट्टा टाकतात, खाली एकजण दुसऱ्याची बोटं धरतो, कोणती धरली त्यावरून भाव कळतो, आणि वर दोघंही बैलांच्या तब्येतीविषयी बोलत राहतात. ओकुडासाहेब दसऱ्यानंतर कोबेहून आलेला, जपानी कंपनीच्या इथल्या खरेदीचा मुख्य. त्यानं महादेवरावाच्या खांद्यावरचा दुपट्टा गमतीनं ओढून घेतला आणि कंपनीचा पारखी भगवंत याच्यापुढे हात करून म्हणाला, "बोलो भगवंत, क्या भाव?" पारख्यानं माल पाहायचा, भावात पडायचं नाही, असा कंपनीचा नियम, त्यामुळे इतक्या वर्षांत भगवंताचा हात या बाजारात दुपट्ट्याखाली कधी गेला नव्हता. बोटांची भाषा त्याला येत होती. ती इथे पोरासोरांनाही येते.

गाडीवान हसले. "साहेब शिकला रे!" कोणीतरी ओरडलं. "महादेवराव, तुमची दलाली गेली आता."

"जाऊ दे ना बावा," महादेवराव पानाची पिंक टाकून म्हणाला. "त्याले शिव्या बी शिकोतो, मंग पुरा व्यापारी होते तो."

भगवंतही हसत होता. ओकुडाची बोटं थंड, कोरडी, हुशार. भाव सांगून झाला. आणि मग ते नख. करंगळी तळव्याला मिळते तिथे. दोनदा. (एकदा असतं तर चुकून म्हणता आलं असतं.) भगवंताचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, दुकान मोडल्यावर पाटी राहते तसं.

"और तुम्हारी बीवी का क्या सोचा?" ओकुडा दुपट्ट्याची घडी घालत म्हणाला. "कंपनी बुला सकती है. यहाँ नमूने के कमरे में जगह है. जल्दी बोलो. जहाज कब तक चलेंगे, मालूम नहीं."

ती खूण जगात दोनच माणसांना ठाऊक होती. एक भगवंत. दुसरी फुमी, त्याची बायको, जी कोबेला कंपनीच्या नमुन्याच्या खोलीत काम करत होती.

वकिलांना विचारून सांगतो म्हणून तो दुपारच्या गाडीनं अमरावतीला निघाला. विचारायचं होतंच. पण डब्यात बसल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण उजवा हात कोटाच्या खिशात घालून बसलोय, जसा काही तो भाजलाय. बाहेर काळी शेतं मागे जात होती, वेचणी संपत आलेली, पऱ्हाटीला कुठे कुठे कापूस लोंबत होता. कोबेची खोली वरच्या मजल्यावर होती. खिडक्या उत्तरेकडे, कारण उत्तरेचा उजेड दिवसभर बदलत नाही, त्यात रुईचा खरा रंग कळतो. कंपनीनं त्याला तिथे जपानी पद्धतीची पारख शिकायला पाठवलं होतं आणि शिकवायला फुमी होती. टेबलावर काळी मखमल. रुईची बट दोन्ही चिमटींत धरून ओढायची. तुटेपर्यंत ओढायची. तुटली की धागे मखमलीवर मांडायचे, मग लांबी कळते, बळ कळतं. ज्या धाग्याची परीक्षा झाली तो पुन्हा कामाचा नसतो; पण तो एवढासा, गठाणीभर रुईत त्याचं काय? एका दुपारी खोलीत कोणी नसताना त्यानं ती मखमल उचलून दोघांच्या हातांवर टाकली आणि आमच्याकडे असा सौदा करतात म्हणून तिची बोटं धरली. ती पटकन शिकली. मग म्हणाली, "पण समोरचा खोटं बोलत असेल तर?" बोटं खोटं बोलत नाहीत, तो म्हणाला. "बोटंच बोलतात," ती म्हणाली, आणि त्यावर काय उत्तर द्यावं हे सुचण्याआधीच त्याचा अंगठा आपोआप तिच्या करंगळीच्या मुळाशी गेला आणि नखानं दोनदा दाबलं. "असं केलं म्हणजे खरं." हे तुमच्या बाजारात आहे का, तिनं विचारलं. नाही, तो म्हणाला, हे आत्ता माझं.

मग ती खूण दोघांची झाली. ट्राममध्ये. तिच्या भावाच्या घरी, जिथे भाऊ लग्नाविषयी एक शब्द न बोलता चहा संपवत होता. वॉर्डाच्या कचेरीत. तिच्या देशात मुलीचं लग्न झालं की तिचं नाव बापाच्या घराच्या नोंदीतून खोडतात आणि नवऱ्याच्या घराच्या नोंदीत लिहितात. कारकुनानं विचारलं, यांच्या घराची नोंद कुठे आहे? भगवंताकडे अशी नोंद नव्हती. त्याच्या घराला भिंती होत्या, म्हातारी होती, शेवंतीचे वाफे होते. मग लग्न लागलं, पण तिचं नाव बापाच्याच घरी राहिलं. "म्हणजे मी उंबऱ्यावर," ती हसून म्हणाली होती. तेव्हा ते हसणं त्याला आवडलं होतं. आज, गाडी मूर्तिजापूरला थांबलेली असताना, त्याला वाटलं, उंबऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाला दोन्हीकडे जाता येतं.

आणि मूर्तिजापूरलाच ते दुसरं आठवलं. ओकुडा तेव्हा त्याच कचेरीत होता, हिशेबाच्या विभागात. एका संध्याकाळी जिन्यापाशी फुमी आणि ओकुडा उभे होते, तिच्या किमोनोची बाही लांब होती, आणि ओकुडा हसत होता. इतकंच आठवत होतं. गाडी सुटली तेव्हा त्या बाहीखाली एक हात होता. कुरुम स्टेशनला हात दोन झाले. बडनेऱ्याला उतरून अमरावतीच्या गाडीची वाट पाहताना तर त्याला ओकुडाचं नखही दिसलं, अर्धचंद्रासारखं कापलेलं, आणि तेव्हा त्याच्यातला पारखी म्हणाला, थांब, हे तू नंतर भरतो आहेस, गाडीत वरून चांगला कापूस भरतात तसं. पण मग त्याला दुसरं आठवलं. कोणत्या वाटेनं येतेस, कंपनीच्या की माझ्या, असं त्यानं तिला तारेनं विचारलं होतं, तर तिचं उत्तर होतं: तुम्ही म्हणाल तसं. बाजारात 'तुमी म्हनान तो भाव' म्हणणारा शेतकरी आला की भगवंत गाडीत खांद्यापर्यंत हात घालत असे. आतला कापूस हमखास ओला निघे.

केशवराव वकिलांनी त्याचं म्हणणं डोळे मिटून ऐकून घेतलं. ते झोपले असावेत असं वाटेपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, "भगवंतराव, आधी एक सांगा. तुम्ही कोणाची प्रजा?"

"इंग्रजांची."

"वऱ्हाड कोणाचं?"

"सरकारचं."

"चालवतं सरकार. मालकी निजामाची. कायमच्या पट्ट्यानं दिलंय. तेव्हा इथे जन्मलेला माणूस इंग्रजांची प्रजा की इंग्रजांच्या आश्रयातली निजामाची प्रजा, यावर दोन मतं आहेत, आणि ज्याच्या टेबलावर तुमचा अर्ज पडेल त्याचं मत तुमच्याविरुद्ध असेल." त्यांनी डोळे उघडले. "बायको नवऱ्याच्या कागदावर आली की नवरा ज्याची प्रजा, त्याचीच तीही होते. म्हणजे ही बाई जपान सोडेल आणि होईल हैदराबादची. तुम्ही हैदराबाद पाहिलंय?"

"नाही."

"मीही नाही. अर्ज नागपूरला जाईल. तिथून दिल्लीला, कदाचित हैदराबादला. किती वेळ लागेल ते विचारू नका, लढाई चालू आहे."

"आणि कंपनीच्या कागदावर?"

"पुढच्या जहाजानं येईल. पण मग ती इथे परकी. पोलिसात हजेरी. जपान्यांकडे सरकारचं लक्ष आहे हे तुम्हाला सांगायला नको. उद्या बिनसलं तर..." ते थांबले. "यंत्रं जोडायला तो जर्मन येत होता ना इकडे, जाड चष्म्याचा? लढाई सुरू झाली त्या आठवड्यात त्याला उचलला. नगरला आहे म्हणतात, सरकारच्या छावणीत, तारांच्या आत. नवऱ्याचा कागद म्हणजे उशीर. कंपनीचा कागद म्हणजे धोका. तुम्ही निवडा."

समजा ती कंपनीच्या कागदावर आली. उतरेल मुंबईला, घ्यायला जाईल ओकुडा, कारण कागदावर त्याची सही. राहील अकोल्यात, कंपनीच्या बंगल्याच्या आवारात. दिवसभर नमुन्याच्या खोलीत. उत्तरेचा उजेड. काळी मखमल. मखमलीखाली...

समजा ती नवऱ्याच्या कागदावर आली. तिचं नाव बापाच्या घरातून खोडलं जाईल. परत जायला घर नाही, देश नाही. मग ती फक्त त्याची. (त्याला हे वाक्य मनात ऐकू आलं तेव्हा तो इतवारा बाजारात मध्येच उभा राहिला आणि मागच्या सायकलवाल्यानं त्याला शिवी दिली.) शिवाय धोका नाही. केशवरावच म्हणाले, कंपनीच्या कागदात धोका. तारांच्या आत. त्यानं तो शब्द पुन्हा मनाशी घोळवला आणि त्याला बरं वाटलं, थंडीत कोणाचा तरी कोट अंगावर यावा आणि तो नेमका आपल्या मापाचा निघावा तसं. बायकोच्या जिवाची काळजी. कोणालाही सांगता येईल असं कारण. तिलाही.

घरच्या वाडीत म्हातारी शेवंतीची फुलं खुडत होती. मनकर्णा, त्याची माय. सकाळी अंबादेवीच्या देवळापाशी टोपली घेऊन बसायची, दुपारी वाफ्यात. तिनं मान वर न करता विचारलं, "आली का?"

"कोण?"

"कोण म्हंजे? माही सून. नाव बी ठेवलं म्या तिचं. गोदा."

"तिले नाव हाये, माय."

"असन. ते तिच्या मायनं ठेवलं. म्या 'फूमी फूमी' करत बसली त लोक म्हनतीन म्हातारी चूल फुकून राहिली." ती आपल्याच बोलण्यावर हसली. मग त्याच्याकडे पाहून थांबली. "काहून रे? तोंड असं काहून केलं?"

"कोन्या कागदावर आनाची ते ठरून नाई राहिलं."

"कागदावर? पोरगी हाये का गठान हाये?"

"कंपनीच्या कागदावर आली त तिले वापस जायाची वाट राहते."

"मंग राहू दे ना." म्हातारीनं खुडलेलं फूल टोपलीत टाकलं. "म्या नांदगावाहून आली तवा बैलगाडीतून सारी वाट पाहून ठेवली होती. कुठी नाला, कुठी बाभूळ. रोज रातच्याले मनातल्या मनात जाऊन ये. खरी कधी गेली का? वाट हाये हे ठावं होतं म्हनून राहिली. वाट बुजोली असती तुह्या बापानं, त पयल्याच साली पळाली असती." ती पुन्हा खुडू लागली. "तू कोनावर गेला रे बावा? तुहा बाप त साऱ्या बाजारावर भरोसा टाके."

बाप. पुंजाराम. मागच्या लढाईच्या शेवटी आलेल्या मानमोडीच्या तापात गेला तेव्हा भगवंत एवढासा होता. बापाचा चेहरा त्याला आठवत नसे. आठवे तो फक्त एक अंधार, नारिंगी, गरम, कापडातून ऊन झिरपल्यावर होतो तसा, तंबाखूचा वास, आणि डोक्यावर दोन माणसं काहीतरी निराळंच बोलत असलेली. तो अंधार कशाचा हे त्यानं कधी विचारलं नव्हतं. त्या दिवशीही विचारलं नाही. त्याच्या डोक्यात म्हातारीचं वाटेचं बोलणं अडकलं होतं, आणि त्याला वाटलं, जिला वाट हवी तीच वाटेच्या बाजूनं बोलणार. मायसुद्धा बाईच.

अकोल्याला परतल्यावर त्यानं ओकुडाला सांगितलं, कंपनी नको. माझ्या कागदावर येईल. खतरा आहे, लढाई आहे, वकील म्हणाले. तो जास्तच बोलला. ओकुडानं ऐकलं, डोळे बारीक केले, "ठीक है," म्हणाला आणि नमुन्याच्या पुडीकडे वळला. एकदाही आग्रह नाही. इतक्या सहज सोडलं म्हणजे सोडण्यासारखं काहीतरी होतं, भगवंताला वाटलं; आग्रह केला असता तर त्याला तेही वाटलं असतं, आणि हे त्याला कळत होतं, आणि कळून काही उपयोग होत नव्हता. त्यानं कोबेला तार केली. अर्जावर सही करून तो केशवरावांकडे पाठवला. उत्तर आलं: बरं. फुमी.

बरं. एवढ्याशा शब्दात हात घालायला जागा नव्हती.

दिवस गेले. नागपूरहून काही येत नव्हतं. लढाईनं टपाल अडवलेलं, कोबेची पत्रं कुठेतरी फोडून वाचली जात होती आणि येत होती तेव्हा शिळी होऊन येत होती. फाल्गुनात बाजार विरळ झाला, गाड्यांत शेवटच्या वेचणीचा कवडीचा कापूस येऊ लागला, पिवळट, पालापाचोळा मिसळलेला. ओकुडा हिवतापानं पडला. म्हणून एके सकाळी सौदा करायचं भगवंतावर आलं. महादेवरावानं दुपट्टा टाकला, वर गाडीवानाच्या पोरीच्या लग्नाची चौकशी करत खाली बोटं धरली, सोडली, पुन्हा धरली. भाव ठरला. आणि हात काढता काढता महादेवरावाच्या जाड, पिवळ्या नखानं भगवंताच्या करंगळीच्या मुळाशी दोनदा दाबलं.

भगवंतानं त्याचा हात दुपट्ट्याखालीच घट्ट धरला. "हे काय केलं?"

"काय केलं?"

"हे. नख."

"अबे, सोड ना हात, मोडतं का?" महादेवराव हसला. "ते त तुह्या बापाचं! भाव आखरी झाला का असं दाबे पुंजाराम. 'आता खरं' म्हने. हंगामाले अथीच राहे ना तो दलालीले. तो गेला, पन आमी बुढे दलाल अजून तसंच करतो. साहेबाले बी म्याच शिकोलं." त्यानं भगवंताच्या तोंडाकडे पाहिलं. "तुले नाई ठावं? तुले त मांडीवर घेऊन बसे तो. तुहा हात बी दुपट्ट्यात घाले, दोघाइच्या मंधात. दाबलं का तू असा खिदळे का सारा बाजार पाहे."

नारिंगी अंधार. तंबाखू. डोक्यावरचे आवाज. आणि आता, त्या अंधारात, त्याच्या एवढ्याशा हातावर एक नख.

बैल शेपटी हलवत होता. गाडीवान विचारत होता, माल खाली करायचा का. माझं, असं तो फुमीला म्हणाला होता. आत्ता माझं. तिनं ते कोणाला दिलं नव्हतं, देण्यासारखं ते दोघांचं नव्हतंच, साऱ्या अकोल्याच्या म्हाताऱ्या दलालांचं होतं, आणि जिन्यापाशी बाही होती, फक्त बाही, बायकांच्या बाह्या लांब असतात तिकडे. तो चालू लागला. मग धावू लागला. महादेवरावाचा दुपट्टा त्याच्या हातातच राहिला होता.

ओकुडा घोंगडी पांघरून खाटेवर बसला होता, डोळे लाल. भगवंतानं दारातूनच सांगितलं, साहेब, कंपनीच्या कागदावर बोलवा. नागपूरचं काही खरं नाही. पुढच्या जहाजानं बोलवा.

ओकुडानं घोंगडी अंगाभोवती ओढून घेतली.

"फुमी-सान कंपनी में नहीं हैं," तो म्हणाला. "तुम्हारा तार गया, उसी हफ्ते काम छोड़ दिया. मैं समझा तुमको मालूम है. पति के नाम पर जानेवाली औरत नौकरी कैसे रखेगी? भाई से भी कह दिया, नाम काट दो. भाई ने घर से निकाल दिया. ओसाका में किसी सहेली के पास है. तुम्हारे नागपूर के कागज की राह देखती है."

"परत ठेवा तिला कामावर."

"उस जगह पर दूसरी लड़की आ गई. और कोबेवाले अब किसी को हिंदुस्तान भेजते नहीं. बंद."

खोलीला एकच खिडकी होती आणि ती पश्चिमेकडे होती. त्या उजेडात कशाचाही खरा रंग कळला नसता. भगवंताला काळ्या मखमलीवर मांडलेले धागे दिसले, तुटलेले, सगळे सारखे, कुठेही काही खोट नसलेले. किती लांब आणि किती बळकट, ते आता त्याला नीट कळलं होतं.

तो खाटेपाशी गेला. वेड्यासारखं ओकुडाच्या आणि आपल्या हातावर तो दुपट्टा टाकला आणि खाली त्याची बोटं धरली, एक, दोन, सगळी. काहीही भाव मागा, असं त्याला म्हणायचं होतं, पण बोटांच्या भाषेत तेवढंच म्हणता येत नव्हतं. ओकुडाचा हात तापानं भाजत होता. तो उघडा पडून राहिला, त्याचं एकही बोट मिटलं नाही. बाहेर कोणीतरी गठाणी मोजत ओरडत होतं. मग ओकुडाचा अंगठा हलला, हळूच, आजारी माणसाला जमेल तेवढाच, आणि भगवंताच्या करंगळीच्या मुळाशी नखानं दोनदा दाबलं.